पब्लियस आणि त्याचा प्रतिपक्ष: ‘फेडरलिस्ट’ निबंध कसे वाचावेत

अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये लिहिलेले, ‘फेडरलिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे ८५ निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायचा निश्चय करून बसलेला वाचक बहुधा विशीच्या आसपास थकतो. मी स्वतः पहिल्या खेपेस अठराव्या ते विसाव्या निबंधांत, म्हणजे प्राचीन ग्रीस, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील राज्यसंघांच्या हकिकतीत अडकलो आणि पुस्तक मिटून ठेवले. दोष पुस्तकाचा नव्हता. मी ते राज्यशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचत होतो, आणि ते ग्रंथ म्हणून लिहिलेलेच नव्हते. एका चालू वादात, एका बाजूच्या वकिलांनी, छापखान्याचा तगादा पाठीशी असताना केलेले ते वर्तमानपत्री लेखन आहे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेच्या भाषेत सांगायचे तर या पुस्तकात उत्तरपक्ष छापलेला आहे. पूर्वपक्ष वाचकाने शोधून समोर ठेवायचा आहे. पुढे सांगितलेली वाचनपद्धती याच गोष्टीवर आधारलेली आहे.

पहिली पायरी: वाद कशाचा होता ते समजून घेणे

अमेरिकेतील तेरा राज्ये १७८१ पासून ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या कराराने बांधलेली होती. या करारान्वये मध्यवर्ती काँग्रेसला नागरिकांवर कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैशांची मागणी करी आणि राज्ये जमेल तेवढे, जमेल तेव्हा देत. करारात दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती लागे. त्यामुळे युद्धकाळातील कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८१ मध्ये आला तेव्हा ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याचा नकार तो अडवायला पुरेसा ठरला. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखाली न्यायालयांचे कामकाज बंद पाडले, आणि हे बंड मोडायला काँग्रेसजवळ स्वतःचे पुरेसे सैन्य नाही, हे सर्वांना दिसले.

या पार्श्वभूमीवर २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फिया येथे ५५ प्रतिनिधींनी बंद दाराआड चर्चा केली. त्यांना जुन्या करारात सुधारणा सुचवायला बोलावले होते. त्यांनी नवे संविधानच लिहिले आणि तेरांपैकी नऊ राज्यांच्या परिषदांनी मान्यता दिली की ते त्या राज्यांपुरते अमलात येईल, असे त्यातच लिहून टाकले. न्यूयॉर्कच्या तीन प्रतिनिधींपैकी दोघे जुलैमध्येच निघून गेले होते. त्या राज्यातर्फे सही केली ती एकट्या अलेक्झांडर हॅमिल्टनने. न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन नव्या संविधानाच्या विरोधात होते. अशा राज्यात २७ ऑक्टोबर १७८७ रोजी ‘न्यूयॉर्क राज्यातील जनतेस’ उद्देशून ‘पब्लियस’ या टोपणनावाने पहिला निबंध प्रसिद्ध झाला. रोमन प्रजासत्ताकाच्या एका संस्थापकावरून घेतलेल्या या नावामागे तीन माणसे होती: हॅमिल्टन, व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन आणि न्यूयॉर्कचे जॉन जे.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण पुढे वाचताना ती सतत उपयोगी पडते. ज्या मतदारांसाठी हे लिहिले गेले त्यांनी पब्लियसचे फारसे ऐकले नाही. न्यूयॉर्कच्या परिषदेसाठी निवडणूक झाली तेव्हा ६५ पैकी ४६ जागा संविधानाच्या विरोधकांना मिळाल्या. अखेर २६ जुलै १७८८ रोजी ३० विरुद्ध २७ अशा मतांनी मान्यता मिळाली खरी. पण तोवर न्यू हॅम्पशायरच्या रूपाने नववे राज्य आणि पाठोपाठ व्हर्जिनिया आत आले होते, आणि न्यूयॉर्कपुढे बाहेर राहायचे की काय हाच प्रश्न उरला होता. ज्यांना आज आपण अभिजात म्हणतो ते निबंध त्यांच्या पहिल्या कामगिरीत निर्णायक ठरले असे म्हणणे अवघड आहे.

दुसरी पायरी: मांडीवर काय असावे

निबंधांआधी मूळ संविधान वाचावे, आणि तेही दुरुस्त्यांशिवायचे. सात कलमांचा हा मजकूर साधारण साडेचार हजार शब्दांचा आहे. एका बैठकीत संपतो. दुरुस्त्या बाजूला ठेवायच्या त्या एवढ्यासाठी की पब्लियस ज्याचा बचाव करतो त्या संविधानात भाषणस्वातंत्र्याचे कलम नाही, धर्मस्वातंत्र्याचे नाही, गुलामगिरीची बंदी नाही. हे सारे नंतर आले. आजचे संविधान डोळ्यांपुढे ठेवून वाचणाऱ्याला विरोधकांची भीती विनाकारण वाटते. मूळ मजकूर वाचलेल्याला ती रास्त वाटू लागते.

निबंधांचा इंग्रजी मजकूर येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’वर आणि ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मोफत उपलब्ध आहे. छापील आवृत्ती घेणार असाल तर विषयसूची आणि मागे जोडलेले संविधान असलेली घ्यावी. क्रमांकांबाबत थोडी सावधगिरी हवी: वर्तमानपत्रांतील आणि १७८८ च्या पुस्तकातील क्रमांक काही ठिकाणी जुळत नाहीत, कारण पुस्तक करताना एक निबंध हलवला गेला आणि एकाचे दोन झाले. आजच्या बहुतेक आवृत्त्या आणि हा लेखही पुस्तकाचे क्रमांक पाळतो.

याखेरीज एक वही घ्यावी आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात पब्लियसचा दावा, दुसऱ्यात त्यासाठी दिलेले कारण, आणि तिसऱ्यात तो ज्या आक्षेपाला उत्तर देत आहे तो आक्षेप. तिसरा रकाना भरायला सर्वांत कठीण जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘असे म्हटले जाते की’, ‘काहींना वाटते की’ अशा अर्थाची वाक्ये आली की पेन्सिल उचलावी. तेथे प्रतिपक्ष बोलत असतो.

तिसरी पायरी: पाच शब्दांपाशी थांबणे

अठराव्या शतकातील इंग्रजी वाक्य लांब असते, पण ते दुर्बोध नसते. मुख्य क्रियापद सापडले की बाकीची उपवाक्ये आपापल्या जागी बसतात. खरी फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांमुळे.

‘फॅक्शन’ या शब्दासाठी ‘पक्ष’ असे लिहिले की आपल्याला निवडणूक चिन्हे दिसू लागतात आणि अर्थ निसटतो. मॅडिसनच्या व्याख्येनुसार फॅक्शन म्हणजे समान आवेगाने किंवा हितसंबंधाने एकत्र आलेले, आणि इतरांच्या हक्कांना किंवा समाजाच्या कायमच्या हिताला बाधक ठरणारे नागरिक. मग ते अल्पसंख्य असोत की बहुसंख्य. आपल्या ‘गटतट’ या जोडशब्दातील ‘तट’ मला याच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण ‘तट पडले’ असे म्हणताना त्यात दुरावाही येतो आणि दोषही. व्याख्येतील शेवटची अट विसरू नये: बहुमतसुद्धा तट असू शकते.

‘डेमोक्रसी’ म्हणजे येथे सर्व नागरिक एकत्र जमून स्वतः कारभार करतात ती व्यवस्था, आणि ‘रिपब्लिक’ म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत चालणारी व्यवस्था. मॅडिसन डेमोक्रसीवर टीका करतो तेव्हा तो आजच्या अर्थाने लोकशाहीवर टीका करत नसतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे झालेले वाद समाजमाध्यमांवर रोज पाहायला मिळतात. ‘एनर्जी’ म्हणजे शासनाच्या अंगी असलेला निर्णय घेण्याचा आणि तडीस नेण्याचा दम.

‘फेडरल’ची गोष्ट तर गमतीची आहे. त्या काळी हा शब्द राज्यांच्या सैल संघाला, आपण ज्याला राज्यसंघ म्हणू त्याला, लावला जाई. प्रबळ मध्यवर्ती शासन मागणाऱ्यांनी तो स्वतःच्या नावाला चिकटवला आणि राज्यांचा कैवार घेणाऱ्यांच्या वाट्याला ‘अँटी-फेडरलिस्ट’ हे नकारार्थी नाव आले. युक्तिवाद सुरू होण्याआधीच अर्धी बाजी नावाने मारली होती.

चौथी पायरी: वाचायचा क्रम

पहिल्या फेरीत आठच निबंध वाचावेत आणि तेही या क्रमाने: १, १५, १०, ३९, ५१, ७०, ७८, ८४. पहिल्यात प्रश्न मांडला आहे: माणसांचे समाज विचारपूर्वक आणि स्वतःच्या निवडीने चांगले शासन उभारू शकतात की त्यांनी योगायोगावर आणि बळजबरीवरच अवलंबून राहायचे? पंधराव्यात जुन्या कराराचा मूळ दोष सांगितला आहे: कायदे व्यक्तींसाठी नव्हे तर राज्यांसाठी केले जात आणि न पाळणाऱ्या राज्याला वठणीवर आणायचे तर युद्धावाचून उपाय नव्हता. या दोहोंनंतर दहाव्याकडे जावे.

दुसऱ्या फेरीत आपल्याला ज्या विषयात रस आहे तो पुंजका घ्यावा. सत्ताविभाजनासाठी ४७ ते ५१, प्रतिनिधिगृहासाठी ५२ ते ५८, सिनेटसाठी ६२ ते ६६, राष्ट्राध्यक्षपदासाठी ६७ ते ७७, न्यायालयांसाठी ७८ ते ८३. करांविषयीचे ३० ते ३६ हे निबंध केंद्र-राज्य आर्थिक संबंधांचा अभ्यास करणाऱ्याने जरूर वाचावेत. इतरांनी ते मागे ठेवले तरी चालेल.

पाचवी पायरी: एका निबंधाची पूर्ण उकल

२२ नोव्हेंबर १७८७ रोजी प्रसिद्ध झालेला दहावा निबंध नमुना म्हणून घेऊ, कारण एवढा एक निबंध नीट वाचता आला तर बाकीचे वाचता येतात.

तो उघडण्याआधी ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विरोधकाचा पहिला निबंध वाचावा. तो १८ ऑक्टोबर १७८७ चा आहे, म्हणजे पब्लियसच्या पहिल्या अंकाच्याही आधीचा. ब्रूटस कोण होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, पण त्याची मांडणी कसलेली आहे. फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूचा हवाला देऊन तो म्हणतो की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकते. प्रदेश विस्तीर्ण झाला की प्रतिनिधींना लोक ओळखत नाहीत, लोकांना प्रतिनिधी ओळखता येत नाहीत, हितसंबंध एकमेकांशी इतके विसंगत होतात की एकत्र कायदे करणेच अशक्य होते, आणि मग आज्ञापालनासाठी खडे सैन्य लागते. शिवाय काँग्रेसला ‘आवश्यक आणि योग्य’ ते सर्व कायदे करण्याचा अधिकार देणारे कलम आणि संविधानाला सर्वश्रेष्ठ ठरवणारे कलम एकत्र वाचले तर राज्ये हळूहळू गिळली जातील. हे तिसऱ्या रकान्यात लिहून घ्यावे.

आता मॅडिसनकडे यावे. त्याच्या युक्तिवादाला फांद्या फुटत जातात, म्हणून तो कागदावर झाडासारखा काढावा. तटांचा उपद्रव दोन प्रकारे घालवता येईल: कारणे नष्ट करून किंवा परिणामांवर नियंत्रण ठेवून. कारणे नष्ट करण्याचेही दोन मार्ग: स्वातंत्र्य काढून घेणे किंवा सर्वांची मते, आवेग आणि हितसंबंध सारखे करणे. पहिला मार्ग रोगाहून वाईट, कारण तटांना स्वातंत्र्य हवे असते तसे आगीला हवा हवी असते, पण म्हणून कोणी हवा नाहीशी करत नाही. दुसरा मार्ग अशक्य, कारण माणसाची बुद्धी चुकू शकते आणि माणसांच्या क्षमता वेगवेगळ्या असतात. क्षमतांतून संपत्ती वेगवेगळी होते, आणि संपत्तीची विषम वाटणी हाच तटांचा सर्वांत सार्वत्रिक आणि टिकाऊ उगम आहे. तेव्हा राहिले परिणामांवरचे नियंत्रण. तट अल्पसंख्य असेल तर मतदानाने त्याचा पराभव होतो. तट बहुसंख्य असेल तर काय?

सगळा निबंध या प्रश्नासाठी लिहिला आहे, आणि येथे मॅडिसन ब्रूटसचे शस्त्र उलटे फिरवतो. हितसंबंध पुष्कळ आणि परस्परविसंगत आहेत म्हणून विस्तीर्ण प्रजासत्ताक चालणार नाही, असे ब्रूटस म्हणतो; हितसंबंध पुष्कळ आणि परस्परविसंगत आहेत म्हणूनच ते चालेल, असे मॅडिसन म्हणतो, कारण इतक्या वेगवेगळ्या तटांतून अन्याय करणारे एकच बहुमत जुळून येणे अवघड होते. दोघांनी एकच वस्तुस्थिती पाहून उलटे निष्कर्ष काढले आहेत. दोन्ही निबंध शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. केवळ दहावा वाचणाऱ्याला मॅडिसनचा निष्कर्ष स्वयंसिद्ध वाटून जातो.

यानंतर युक्तिवाद ताणून पाहावा. मॅडिसनने गृहीत धरले आहे की तट जुळतात, फुटतात, पुन्हा वेगळे जुळतात. आजचा बहुसंख्य उद्या अल्पसंख्य होऊ शकतो. हे गृहीतकच खोटे असेल तर? हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चाळीसच्या दशकातील आपल्या लेखनात राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत नेमका हाच भेद केला: राजकीय बहुमत घडते आणि बदलते, भारतातील बहुमत मात्र जन्माने ठरते. जन्माने ठरलेले बहुमत प्रदेश कितीही विस्तीर्ण केला तरी विरत नाही. दहाव्या निबंधाला याहून जिव्हारी लागणारा आक्षेप मी वाचलेला नाही, आणि तो ब्रूटसलाही सुचला नव्हता.

आकड्यांचीही परीक्षा घ्यावी. मूळ संविधानानुसार प्रत्येक ३०,००० लोकांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी असू शकत नव्हता आणि पहिल्या प्रतिनिधिगृहात ६५ जागा ठरल्या होत्या. विरोधकांना हे प्रमाण फार विरळ वाटले आणि पंचावन्नाव्या निबंधात त्याचा बचाव करावा लागला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११.२४ कोटी आणि लोकसभेच्या जागा ४८, म्हणजे एका खासदारामागे साधारण २३ लाख माणसे. दहाव्या निबंधात मॅडिसनने स्वतःच कबूल केले आहे की मतदारसंघ फार मोठा केला तर प्रतिनिधीला स्थानिक परिस्थितीची ओळख राहत नाही. ती कबुली वाचताना हा आकडा वहीत लिहिलेला असावा.

सहावी पायरी: एकोणचाळिसाव्या निबंधाच्या कसोट्या स्वतः लावून पाहणे

नवे संविधान ‘राष्ट्रीय’ आहे की ‘फेडरल’, या आक्षेपाला एकोणचाळिसाव्या निबंधात मॅडिसन सरळ उत्तर देत नाही. तो पाच प्रश्न विचारतो. शासनाची स्थापना कोणाच्या संमतीने झाली? त्याच्या सत्तेचा उगम कोठे आहे? त्याचे कायदे राज्यांना लागू होतात की व्यक्तींना? त्याच्या अधिकारांची व्याप्ती किती? आणि दुरुस्ती कोण करते? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे येते आणि अखेर तो सांगतो की ही व्यवस्था ना पूर्ण राष्ट्रीय, ना पूर्ण फेडरल. ती मिश्र आहे.

निबंध वाचून झाला की हेच पाच प्रश्न भारतीय संविधानाला विचारावेत. ते संविधान सभेने स्वीकारले. राज्यांच्या स्वतंत्र परिषदांकडून मान्यतेची अट नव्हती. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा, तर राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची एक. अमेरिकेत केंद्राकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे राहतात. आपल्याकडे शेषाधिकार संघाकडे आहेत. अनुच्छेद ३६८ खालील काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन लागते, बाकीच्यांना लागत नाही. दोन रकान्यांत ही उत्तरे मांडली की संघराज्य या शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी मावतात ते उदाहरणांनिशी कळते, आणि ही अर्ध्या तासाची आकडेमोड कोणत्याही पाठ्यपुस्तकातील ‘गुण आणि दोष’ यांपेक्षा जास्त लक्षात राहते.

सातवी पायरी: एक्कावन्नावा निबंध आणि ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण

माणसे देवदूत असती तर शासनाची गरजच पडली नसती, हे वाक्य ज्या निबंधातले आहे तो एक्कावन्नावा. हे वाक्य इतक्या ठिकाणी उद्धृत झालेले असते की वाचक तेथेच समाधान मानून थांबतो. तसे न करता आधी ४७ आणि ४८ वाचावेत. अठ्ठेचाळिसाव्यात मॅडिसन दाखवतो की प्रत्येक सत्तेची हद्द कागदावर लिहून ठेवल्याने ती पाळली जात नाही आणि प्रजासत्ताकात सर्वांत आक्रमक सत्ता ही राजाची नव्हे, कायदेमंडळाची असते. एक्कावन्नावा या अडचणीवरचा तोडगा आहे: प्रत्येक पदावरील माणसाचा वैयक्तिक स्वार्थ त्या पदाच्या अधिकारांशी असा बांधून टाकायचा की एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला आपोआप अडवील. कायदेमंडळाची दोन सभागृहांत विभागणी, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आणि राज्यांचे वेगळे शासन ही या बांधणीची अंगे आहेत.

त्यानंतर आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे, संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडतानाचे भाषण वाचावे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तेराव्या खंडात संविधान सभेतील त्यांची भाषणे आहेत. तेथे अमेरिकन पद्धतीचे नाव घेऊन तुलना केलेली आहे. लोकशाहीतील कार्यकारी सत्ता स्थिरही हवी आणि जबाबदारही, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धतीत जबाबदारीची तपासणी प्रश्न, ठराव आणि अविश्वासाच्या प्रस्तावांतून रोज होते, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, असे ते सांगतात. म्हणजे एक्कावन्नाव्या निबंधातील सत्तांची फारकत आपल्या संविधानकर्त्यांनी पाहून, तोलून बाजूला ठेवली. येथे योगायोगाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हॅमिल्टन आणि जे ज्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकले त्याचेच पुढे कोलंबिया विद्यापीठ झाले, आणि १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले ते तेथेच.

आठवी पायरी: हॅमिल्टनचे तीन निबंध

सत्तराव्या निबंधात कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती का असावी याचे समर्थन आहे. त्यातील ‘दमदार शासन’ सर्वांना आठवते. पण अधिक टिकाऊ मुद्दा जबाबदारीचा आहे. अनेकांच्या मंडळाने निर्णय घेतला की चूक कोणाची हे कधीच ठरत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत एक वर्ष काढलेल्या माणसाला हा परिच्छेद समजावून सांगावा लागत नाही.

अठ्ठ्याहत्तराव्यात न्यायाधीशांच्या कायम नियुक्तीचा आणि संविधानविरोधी कायदा रद्दबातल मानण्याच्या त्यांच्या अधिकाराचा कैवार आहे. न्यायालयाकडे तलवार नाही आणि तिजोरी नाही, असतो तो केवळ निवाडा, म्हणून ते सर्वांत कमी धोकादायक, असे हॅमिल्टन म्हणतो. हा निबंध ब्रूटसच्या अकराव्या ते पंधराव्या लेखांना दिलेले उत्तर आहे. न्यायाधीश संविधानाचा अर्थ स्वतःच्या मताने लावतील आणि त्यांना दुरुस्त करणारी सत्ता कोठेच उरणार नाही, असे ब्रूटसने दोन ते चार महिने आधीच लिहून ठेवले होते. येथे मला ब्रूटस अधिक दूरदर्शी वाटतो, जरी न्यायालये असावीत ती हॅमिल्टनने सांगितली तशीच, असे माझे मत आहे. हा अधिकार अमेरिकेच्या संविधानात स्पष्ट शब्दांत नाही. १८०३ मध्ये ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ या खटल्यात तो प्रस्थापित झाला. आपल्या अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांपुरती ही संदिग्धता ठेवली नाही.

चौऱ्याऐंशीवा निबंध मुद्दाम वाचावा, कारण त्यात पब्लियस हरला. हक्कांची सनद अनावश्यकच नव्हे तर घातक आहे, असे हॅमिल्टन म्हणतो: वृत्तपत्रांवर निर्बंध घालण्याचा अधिकारच दिलेला नसताना तसा निर्बंध घालू नये असे लिहिण्याने तो अधिकार असल्याचा भास होईल. युक्तिवाद चतुर आहे. लोकांना तो पटला नाही. मॅसॅच्युसेट्सपासून अनेक राज्यांनी मान्यतेबरोबर दुरुस्त्यांची मागणी जोडली, १७८९ मध्ये खुद्द मॅडिसनने हक्कांच्या दुरुस्त्या काँग्रेसपुढे मांडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांपैकी दहा संविधानात आल्या. आपल्या संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग देणाऱ्या कलमाला, आजच्या अनुच्छेद ३२ ला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते हॅमिल्टनच्या या निबंधाशेजारी ठेवून वाचावे.

नववी पायरी: जेथे आवाज बदलतो तेथे थांबणे

चौपन्नाव्या निबंधाची तऱ्हा वेगळी आहे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश करायची, या तडजोडीचे समर्थन त्यात आहे, आणि पब्लियस ते स्वतःच्या तोंडून न करता दक्षिणेकडील एका काल्पनिक रहिवाशाच्या तोंडी घालतो. गुलाम हा काही अंशी माणूस आणि काही अंशी मालमत्ता, असे कायदाच मानतो, एवढेच तो रहिवासी सांगतो. एरवी ठामपणे बोलणारा लेखक अशा वेळी दुसऱ्याचा मुखवटा का चढवतो, हा प्रश्न वहीत लिहावा. जोडीला बेचाळिसावा पाहावा: गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, ही तरतूद तेथे खेदाच्या सुरात पण प्रगती म्हणून मांडली आहे. गुलामगिरी संपली ती या निबंधांनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, यादवी युद्धानंतर. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केले ते चौपन्नाव्या निबंधाची तडजोड मोडणारे लोक होते, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा निबंध निर्विकारपणे वाचता येणार नाही, आणि तसा वाचायचे कारणही नाही.

कोणता निबंध कोणाचा

या प्रश्नात फार काळ गुंतू नये. सर्वसाधारणपणे मान्य असलेली वाटणी अशी: हॅमिल्टन ५१, मॅडिसन २९, आणि आजारपणामुळे मध्येच थांबलेले जॉन जे ५. हॅमिल्टन आणि मॅडिसन यांनी मागे ठेवलेल्या याद्या बारा निबंधांबाबत जुळत नव्हत्या. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी किरकोळ शब्दांच्या वापराची मोजदाद करून ते मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष काढला. वाचकाच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. पुढील दशकात हे दोघे एकमेकांचे कडवे राजकीय विरोधक झाले, राष्ट्रीय बँकेच्या प्रश्नावर तर केंद्राच्या अधिकारांचा अर्थ दोघांनी उलटा लावला. पब्लियस एकच आवाज काढतो असे समजून वाचू नये. हॅमिल्टनला राष्ट्रीय शासनाच्या दुबळेपणाची धास्ती आहे, मॅडिसनला बहुमताच्या अन्यायाची.

वेळापत्रक आणि सोबत

आठवड्याला एक निबंध हा वेग पुरे. पहिल्या दिवशी तो सलग वाचावा, समजले नाही तेथे न थांबता. दोन-तीन दिवसांनी वही घेऊन दुसऱ्यांदा वाचावा. आणि रविवारी पुस्तक न उघडता त्याचा युक्तिवाद मराठीत दहा ओळींत लिहावा. मराठीत लिहिणे हा शोभेचा भाग नाही. इंग्रजी वाक्य जसेच्या तसे आठवते तेव्हा समजल्याचा भास होतो. ‘तट’, ‘दम’, ‘हद्द’ असे शब्द स्वतः शोधावे लागले की काय समजले नाही ते उघडे पडते.

चार-पाच जणांनी मिळून वाचल्यास दर आठवड्याला एकाने ब्रूटस व्हावे आणि त्या दिवशी त्याने पब्लियसला एकही मुद्दा फुकट सोडू नये. ही भूमिका नेहमी त्या सदस्याकडे द्यावी ज्याला त्या आठवड्याचा निबंध सर्वांत जास्त पटला आहे.